घसा बरा होत आला आणि हुडहुडी भरली: लेमिएर सिंड्रोम कसा ओळखायचा

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपोआप जाते. म्हणून घसा किती दुखतोय यापेक्षा दुखणं कुठल्या दिशेनं चाललंय ते बघा. चौथ्या-पाचव्या दिवशी उतार दिसायला हवा. घसा हलका झाला, पण ताप उसळून परत आला आणि दात वाजतील अशी हुडहुडी भरली, तर सावध व्हा. रुग्ण पंधरा ते पंचवीस वयाचा, एरवी धडधाकट असेल तर जास्तच.

टॉन्सिलजवळचा फ्यूजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जंतू ऑक्सिजनशिवाय वाढतो. क्वचित तो मानेतल्या जुगुलर शिरेपर्यंत पोचतो, तिथं रक्ताची गुठळी होते आणि तिचे जंतू भरलेले तुकडे सुटून फुप्फुसात अडकतात. हाच लेमिएर सिंड्रोम. आंद्रे लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १९३६ साली अशा २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली; त्यांतले १८ दगावले होते. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आज वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात.

घरी तपासायचं ते असं. ताप पॅरासिटामॉल घेण्याआधी मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. गोळीनंतरचा आकडा फसवा असतो. मग उजेडात बसवून मानेच्या दोन्ही बाजू पडताळून बघा. साध्या टॉन्सिलच्या दुखण्यात जबड्याखालच्या गाठी बहुधा दोन्हीकडे सुजतात. इथं मात्र कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूच्या रेषेत, एकाच बाजूला, दुखरी सूज किंवा ताठरपणा असतो. तिथं चोळू नका, बामही नको. मान साधी दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. कित्येकदा सूज दिसतच नाही. शेवटी रुग्ण शांत बसलेला असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसात २५ किंवा जास्त, खोल श्वासाला छातीत कळ, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

आपल्याकडे चूक नेमकी कुठं होते? पावसाळ्यात थंडीताप आणि कमी प्लेटलेट दिसले की डेंग्यू धरला जातो. लेमिएरमध्येही प्लेटलेट उतरतात. म्हणून 'दहा दिवसांपूर्वी घसा दुखत होता' हे डॉक्टरांना न विचारता सांगा. दुसरी चूक मेडिकलमधून आणलेली तीन दिवसांची ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक गोळी. या जंतूवर ती बऱ्याचदा चालत नाही. रुग्णालयात रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी), त्यात ऑक्सिजनविरहित बाटलीही, आणि मान व छातीचा कॉन्ट्रास्ट (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला) सीटी स्कॅन लागतो. अँटिबायोटिक आधी शिरेतून सुरू होतं. एकूण कोर्स साधारण तीन ते सहा आठवड्यांचा.

घशाचे आणखी काही धोके मानेपर्यंत न जाता श्वासच अडवतात. एकाच बाजूची तीव्र कळ, तोंडात गरम घास धरल्यासारखा आवाज, पडजीभ एका अंगाला ढकललेली आणि दातांमध्ये आपलीच तीन उभी बोटं न मावणं, ही टॉन्सिलमागच्या गळवाची खूण. लस चुकलेल्या मुलाच्या घशात राखाडी, चिकट पडदा दिसला तर घटसर्पाची शंका घ्या. पडदा खरवडू नका, रक्त येतं. घटसर्पावर अँटिटॉक्सिन, म्हणजे जंतूचं विष निकामी करणारं औषध, लवकर मिळावं लागतं, आणि मुलाला घरातल्या इतरांपासून वेगळं ठेवायचं.

गिळता न आल्यानं लाळ गळतेय, श्वास घेताना घुरघुर होतेय आणि रुग्ण पुढं झुकून, हनुवटी पुढं काढून बसलाय, तर थेट १०८ ला फोन करा. त्याला आडवा करू नका, पाणी पाजू नका, चमच्यानं जीभ दाबून घसा बघायचा प्रयत्न तर मुळीच नको. तेवढ्या धक्क्यानंही श्वासमार्ग पूर्ण बंद होऊ शकतो. मूल असेल तर आईच्या मांडीवर, त्याला हवं तसं बसू द्या.