वाइडबँडचा लॉग: इंधनाचे टेबल बदलण्याआधी आकडा तपासा

वाइडबँड म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचे मिश्रण मोजणारा सेन्सर. त्याच्या गेजवरचा आकडा बघून मी इंधनाच्या टेबलाला, म्हणजे कोणत्या आरपीएमला आणि दाबाला किती इंधन द्यायचे ते सांगणाऱ्या ईसीयूमधल्या (इंजिनाच्या संगणकातल्या) तक्त्याला, कधीच हात लावत नाही. गेज एक आकडा दाखवतो आणि पुढच्या क्षणी तो पुसला जातो. त्या वेळी आरपीएम किती होते, थ्रॉटल किती उघडा होता, मॅनिफोल्डमध्ये दाब किती होता, इंजिन पुरेसे तापले होते का, यातले काहीच तो सांगत नाही. हे सगळे एकत्र नोंदवले गेले तरच त्या आकड्यावरून टेबलातला नेमका कोणता रकाना बदलायचा ते ठरवता येते. आणि लॉग हाती आल्यावरही माझा पहिला प्रश्न ‘मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी)’ हा नसतो. हा आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे का, हा असतो.

माझे बहुतेक काम सोळाशे सीसीच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनावरचे आहे. ईसीयू मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा मोजणारा, म्हणजे स्पीड-डेन्सिटी पद्धतीचा. एमएएफ (हवेचा प्रवाह थेट मोजणारा) सेन्सर असलेल्या इंजिनाला टेबलांची नावे वेगळी असतील, पण लॉग घेण्याची रीत तीच.

गाडीचा मूळचा नॅरोबँड सेन्सर या कामाचा नाही. लॅम्डा म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती; १ म्हणजे नेमकी, कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन. नॅरोबँडचे व्होल्टेज लॅम्डा १ च्या आसपास ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान उडी मारते. मिश्रण लॅम्डा १ च्या कोणत्या बाजूला आहे एवढे त्यातून कळते, किती दूर आहे ते कळत नाही. वाइडबँडमध्ये नर्न्स्ट सेलच्या, म्हणजे ऑक्सिजनच्या फरकावरून व्होल्टेज देणाऱ्या भागाच्या, जोडीला पंप सेल असतो. कंट्रोलर त्या पंप सेलमधून ऑक्सिजन आत-बाहेर करत नर्न्स्ट सेल ४५० मिलिव्होल्टवर धरून ठेवतो, आणि त्यासाठी लागलेल्या करंटवरून लॅम्डा काढतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा आज सर्रास वापरला जाणारा सेन्सर. त्याचे सिरॅमिक सुमारे ७८० अंश सेल्सिअसवर राखावे लागते, म्हणून त्याला हीटर असतो. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या हीटरमध्येच आहे.

बसवण्याची जागा आधी नीट ठरवा. सगळ्या सिलिंडरांचे पाइप एकत्र आल्यानंतर, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. टर्बो असेल तर टर्बोच्या पुढे, डाउनपाइपमध्ये (टर्बोतून बाहेर निघणाऱ्या पाइपात); टर्बोच्या आधी एक्झॉस्टचा दाब जास्त असतो आणि त्या दाबाने रीडिंग बिघडते. सेन्सरचे टोक खाली झुकलेले हवे, आडव्या रेषेपासून किमान १० अंश, म्हणजे पाइपात साचलेले पाणी सेन्सरच्या आत जाणार नाही. सेन्सर बसवायला पाइपावर वेल्ड करायच्या कडीचे, म्हणजे बंगचे, आटे एम१८ बाय १.५. इंजिन थंड असताना पाइपात पाणी असते; तापलेल्या सिरॅमिकवर ते उडाले की सिरॅमिक तडकते. म्हणून इंजिन सुरू होण्याआधीपासून हीटर चालू ठेवू नका. उलट, सेन्सर पाइपात आहे पण त्याला वीज नाही, अशा अवस्थेत इंजिन चालवत राहिलात तर त्यावर काजळी बसते. लॉग घ्यायचा नसेल त्या काळात मी सेन्सर काढून बंगच्या तोंडाला बूच लावते. जवळपास कुठे सिलिकॉन सीलंट लावले असेल किंवा शिसेयुक्त पेट्रोल वापरात असेल तर सेन्सर लवकर निकामी होतो.

आता वायरिंग. इथे मी सर्वात जास्त वेळ घालवते, कारण इथली चूक लॉगमध्ये चूक म्हणून दिसतच नाही. ती मिश्रण म्हणून दिसते.

कंट्रोलर ईसीयूला ० ते ५ व्होल्टचा सिग्नल देत असेल, तर त्या व्होल्टेजचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच असायला हवा. इनोव्हेटच्या एलसी-२ कंट्रोलरमध्ये मूळ सेटिंगला ० व्होल्ट म्हणजे एएफआर (हवा-इंधनाचे वजनी गुणोत्तर) ७.३५ आणि ५ व्होल्ट म्हणजे २२.३९. एईएमच्या एक्स-सिरीज गेजमध्ये ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८.०. एकाचे सूत्र दुसऱ्याला लावले तर गेज एक आकडा दाखवतो आणि लॉगमध्ये भलताच नोंदला जातो. ही चूक निदान पटकन लक्षात येते. ग्राउंडची येत नाही. हीटर साधारण दीड अँपिअर ओढतो असे धरा. तो करंट आणि सिग्नल एकाच बारीक वायरने ग्राउंडला गेले आणि त्या वायरीचा व जोडणीचा रोध ०.०५ ओहम असला, तर सिग्नल ०.०७५ व्होल्टने सरकतो. एलसी-२ च्या सूत्रात १ व्होल्ट म्हणजे ३ एएफआर, म्हणजे इथे जवळजवळ पाव एएफआरची चूक झाली. खरे १२.८ असताना लॉगमध्ये १३.०. ग्राउंडमधला फरक उलट दिशेचा असेल तर इंजिन लीन असताना लॉग ठीक दिसतो, आणि हेच घातक.

म्हणून हीटरचे ग्राउंड जाड वायरने वेगळे न्या, ईसीयूचे ग्राउंड जिथे आहे त्याच जागी. सिग्नलचे ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. मग ही तपासणी करा. गरम इंजिन आयडलवर ठेवा, कंट्रोलरचा डिस्प्ले आणि ईसीयूने वाचलेला आकडा शेजारी-शेजारी बघा. आता हेडलाइट लावा, रेडिएटरचा पंखा सुरू होऊ द्या. डिस्प्ले जागेवर राहिला आणि ईसीयूचा आकडा हलला, तर ग्राउंड चुकले आहे. ते सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंट्रोलर आणि ईसीयू दोन्ही कॅनवर (गाडीतल्या उपकरणांच्या डिजिटल जोडणीवर) बोलत असतील तर सिग्नल कॅननेच न्या. आकडा आकडा म्हणूनच जातो आणि व्होल्टेजचा प्रश्नच उरत नाही.

लॉग एएफआरमध्ये नाही, लॅम्डात घ्या. शुद्ध पेट्रोलसाठी लॅम्डा १ म्हणजे एएफआर १४.७, पण १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी तो सुमारे १४.१ आणि ई८५ साठी (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) सुमारे ९.८. सेन्सरला इंधन कळत नाही. गेज मोजलेल्या लॅम्डाला बिनदिक्कत १४.७ ने गुणून दाखवतो. लॅम्डा वापरलात की हा घोळ संपतो.

लॅम्डाबरोबर मी नोंदवते ते असे: आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, थ्रॉटलची स्थिती, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा, लॅम्डाचे लक्ष्य, क्लोज्ड लूपची दुरुस्ती (सेन्सर बघून ईसीयू आपोआप करतो ती), अ‍ॅक्सिलरेशनसाठी दिलेले जादा इंधन, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान, बॅटरीचे व्होल्टेज, इग्निशन अ‍ॅडव्हान्स, आणि नॉक (मिश्रण अवेळी भडकून बसणारे ठोके) ओळखणारा सेन्सर असेल तर तोही. सगळे एकाच फाइलमध्ये, एकाच घड्याळावर. सेकंदाला १५-२० नोंदी मिळाल्या तर उत्तम. ईएलएम३२७ चिपवर चालणारा, गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचा स्वस्त ओबीडी अ‍ॅडॉप्टर या कामात तोकडा पडतो, कारण तो एकेक मूल्य विचारत जातो. मूल्ये वाढवाल तसा प्रत्येकाचा वेग घटतो आणि एकाच ओळीतले आकडे वेगवेगळ्या क्षणांचे होतात.

आणि क्षणाचीच गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे. सेन्सरपाशी पोचलेला वायू आधीच्या इंजेक्शनचा असतो. ९०० आरपीएमला चार स्ट्रोकचे एक चक्र १३३ मिलिसेकंदांचे, ६००० ला २० मिलिसेकंदांचे. त्यात पाइपातला प्रवास आणि सेन्सरचा स्वतःचा प्रतिसाद मिळवा. आयडलजवळ उशीर सेकंदाच्या काही दशांशांत जातो, वरच्या आरपीएमला बराच कमी होतो. थ्रॉटल झटकन उघडला की ईसीयू लगेच जास्त दाबाच्या रकान्यात पोचतो, पण लॅम्डाच्या स्तंभात अजून आधीच्या रकान्याचे मिश्रण असते. तो आकडा बघून नवा रकाना बदलणे म्हणजे भलत्याच जागी औषध लावणे.

उशीर मोजायला वेगळे उपकरण लागत नाही. बहुतेक ईसीयू थ्रॉटल पूर्ण सोडल्यावर इंधन तोडतात. गियरमध्ये, ३००० आरपीएमच्या वर, पाय पूर्ण काढा. लॉगमध्ये इंजेक्टरचा वेळ ज्या ओळीत शून्य झाला ती ओळ शोधा आणि लॅम्डा जिथून लीनकडे चढू लागला ती ओळ शोधा. दोहोंतले अंतर हा त्या आरपीएमचा उशीर. दोन-तीन वेगवेगळ्या आरपीएमला हे करा. आयडलजवळ इंधन तुटत नाही. तिथे टेबलातला आकडा एकदम दहा टक्के वाढवून लॅम्डा कधी हलतो ते बघा. ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या व्हीई अ‍ॅनलाइझमध्ये या उशिरासाठी टेबल असते, ते याच मोजमापाने भरा. तशी सोय नसेल तर स्प्रेडशीटमध्ये लॅम्डाचा स्तंभ तेवढ्या ओळी वर सरकवा.

गाडी चालवताना माझा भाऊ स्टिअरिंगवर असतो आणि मी लॅपटॉपवर. एकट्याने दोन्ही करू नका, आणि वाहत्या रस्त्यावर तर नाहीच. बंद ट्रॅक किंवा डायनो (गाडी जागच्या जागी रोलरवर चालवायचे यंत्र) वापरा. सुरुवात हलक्या लोडने करा. एक गियर धरून आरपीएम सावकाश वाढवायचे, प्रत्येक रकान्यात एक-दोन सेकंद थांबायचे, थ्रॉटल हळू हलवायचा. चढ असेल तर वरच्या गियरमध्ये तोच आरपीएम जास्त लोडवर मिळतो. एक लांबलचक फाइल करण्यापेक्षा मी छोट्या फाइली करते, आणि नावातच टेबलाची आवृत्ती, गियर आणि हवेचे तापमान घालते. कोणता लॉग कोणत्या टेबलावर घेतला हे विसरले की तो लॉग टाकूनच द्यावा लागतो.

मग चाळणी. कूलंट ८० अंशांच्या खाली असतानाच्या ओळी काढा. अ‍ॅक्सिलरेशनचे जादा इंधन चालू असतानाच्या काढा. इंधन तोडल्याच्या आणि ते परत सुरू झाल्यानंतरच्या सेकंदभराच्या काढा, कारण इनटेक पोर्टच्या भिंतीवरचा इंधनाचा ओलावा परत तयार व्हायला तेवढा वेळ जातो आणि तोवर मिश्रण लीन दिसते. उरेल तेच वापरा. अर्धी फाइल गेली तरी हरकत नाही.

उरलेल्यातही लीन दिसणारे सगळे लीन नसते. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. एका सिलिंडरमध्ये मिसफायर झाला तर त्याची न वापरलेली हवा जशीच्या तशी पाइपात येते, न जळलेले पेट्रोल सेन्सरवर पूर्ण जळत नाही, आणि लॅम्डा लीनकडे जातो. खूप रिच झाल्याने मिसफायर होत असेल तर लॉग बघून तुम्ही आणखी पेट्रोल ओताल. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तरी तसेच. ती आयडलला आणि हलक्या लोडला जास्त जाणवते, लोड वाढला की तिचा परिणाम कमी होतो. म्हणून आयडल लीन आणि वर सगळे ठीक असा लॉग दिसला की मी आधी गॅस्केट आणि वेल्डचे सांधे तपासते. जास्त ओव्हरलॅपचा कॅम (आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे ठेवणारा) असेल तर आयडलचा लॅम्डा फारसा मनावर घेऊ नका. तिथे इंजिन शांत कुठे चालते ते ऐका.

दुरुस्तीचे गणित सोपे आहे. टेबलातला आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले लक्ष्य. टेबलातला आकडा (व्हीई) ६२, लॉगमध्ये ०.९३, लक्ष्य ०.८८: नवा आकडा ६५.५. क्लोज्ड लूप चालू असेल तर त्याची दुरुस्तीही गुणायला हवी. लॅम्डा नेमका १.००, लक्ष्य १.००, पण दुरुस्ती १०६ टक्के, तर लॉग वरवर निर्दोष दिसतो आणि टेबल मात्र सहा टक्के कमी पडत असते. ५० चे ५३ करायला हवे. मी टेबल बसवताना क्लोज्ड लूप बंदच ठेवते. ज्या रकान्यात मोजक्याच नोंदी आहेत तिथे निम्मीच दुरुस्ती करते. शेजारच्या रकान्यांपेक्षा एखादाच आकडा उंच उठला तर त्या ओळी पुन्हा उघडून बघते.

पूर्ण थ्रॉटल सगळ्यात शेवटी, आणि रिच बाजूने. टर्बो नसलेल्या इंजिनाला ०.८६ ते ०.८८ हे माझे लक्ष्य, टर्बोला ०.८० च्या आसपासून सुरुवात करावी. लॅम्डा ०.९२ च्या वर गेला किंवा नॉक दिसला की पाय लगेच काढायचा, हे गाडी निघण्याआधीच ठरलेले असते. वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होत गेले तर टेबल वाढवण्याआधी इंजेक्टरचा वेळ बघा. ६००० आरपीएमला चक्र २० मिलिसेकंदांचे, आणि इंजेक्टर १७ मिलिसेकंद उघडा असेल तर ८५ टक्के झाले. त्यापलीकडे टेबलात आकडा वाढवून पेट्रोल भरवशाने वाढत नाही. इंजेक्टर लहान पडतो आहे, की पंपाचा दाब पडतो आहे, ते शोधा.

इंधन तोडण्याचा तो लॉग मी दर वेळी पहिला घेते आणि जपून ठेवते, कारण सेन्सरचे वय त्यातच दिसते. नवा असताना लॅम्डा झपकन वर जातो. जुना झाला की चढण सुस्तावते. एक्झॉस्ट आणि आरपीएम तेच असून ती सुस्ती जुन्या फाइलशी ताडून स्पष्ट दिसली, की मी नवा सेन्सर मागवते आणि तो बसेपर्यंत पूर्ण थ्रॉटलचा लॉग घेत नाही.