होंडा एस२०००: वेगळ्या मॉडेल वर्षाचा स्वे बार बसवताना या चुका टाळा

होंडा एस२००० या मागच्या चाकांवर चालणाऱ्या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे उत्पादन १९९९ ते २००९ या काळात झाले आणि या काळात गाडीची मूळ मांडणी फारशी बदलली नाही. साहजिकच एका वर्षाचा स्वे बार (डावे-उजवे सस्पेन्शन जोडून वळणात गाडीचे झुकणे कमी करणारा दांडा) दुसऱ्या वर्षाच्या गाडीला लावावा, असे पुष्कळ मालकांच्या मनात येते. पण बार जागेवर बसला म्हणजे तो गाडीला मानवलाच, असे नाही.

सर्वांत जास्त फसगत मिलिमीटरच्या आकड्याने होते. जुना बार विकणारा बहुतेक वेळा बाहेरचा व्यास तेवढा सांगतो. बार भरीव आहे की पोकळ, हे विचारल्याशिवाय कळत नाही. बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो आणि पोकळ बार असेल तर आतल्या व्यासाचा चौथा घात त्यातून वजा करावा लागतो. त्यामुळे लांबी आणि आकार सारखेच धरले, तर २६ मिमी व्यासाचा व ४ मिमी भिंतीचा पोकळ बार २५ मिमीच्या भरीव बारपेक्षा सुमारे १० टक्के मऊ निघतो, जरी हाताला तो जाड लागत असला तरी. वजन मात्र ४४ टक्के कमी होते, आणि पोकळ बार वापरण्यामागे मुख्य हेतू तोच असतो. भिंतीची जाडी बाहेरून मोजता येत नाही, म्हणून पार्ट नंबर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे फक्त मागचा बार ताठर करणे. २००४ च्या मॉडेलमध्ये होंडाने १६ इंची चाकांच्या जागी १७ इंची चाके दिली आणि गाडीची मागची बाजू घसरण्याची प्रवृत्ती कमी व्हावी म्हणून स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर आणि सस्पेन्शनची भूमिती यांत एकत्रित बदल केले. अमेरिकेत २००८ मध्ये आलेल्या सीआर या ट्रॅकवर चालवण्याच्या दृष्टीने केलेल्या आवृत्तीचे सस्पेन्शनही तिच्या रुंद मागच्या टायरांसह जुळवलेले होते. २००१ च्या गाडीला सीआरचा एकच बार लावणारा माणूस त्या जुळणीतला एक तुकडा तेवढा उचलतो. मागचा बार प्रमाणाबाहेर ताठर झाला की वळणात आतल्या बाजूचे मागचे चाक हलके होते. ते रस्त्यावरून सुटलेच तर टॉर्सेन डिफरन्शियलही (दोन मागच्या चाकांत ताकद पकडीनुसार वाटणारी गिअरयंत्रणा) फारसे कामाला येत नाही आणि गॅस देताच ते चाक नुसते फिरते. २००६ पूर्वीच्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, नव्हते, हे पावसाळी रस्त्यावर विशेष ध्यानात ठेवावे.

बसवतानाच्या चुका त्या मानाने साध्या आहेत. बुश, म्हणजे बारला गाडीवर धरून ठेवणारी लवचिक आवरणे, नव्या बारच्या व्यासाचेच घ्यावेत. रबरी बुशला पेट्रोलियम ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते; सिलिकॉन ग्रीस चालते. एकच चाक जॅकवर उचलून लिंक (बारचे टोक सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा) खोलायला गेल्यास पीळ बसलेला बार बोल्ट निघताक्षणी झटक्याने उसळतो, म्हणून त्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाके सारख्या उंचीवर उचलून गाडी जॅक स्टँडवर ठेवावी.

काम झाल्यावर टकटक किंवा कुरकुर ऐकू येऊ लागली, तर गतिरोधक दोन प्रकारे ओलांडून पाहावा. दोन्ही चाके एकदम चढतात तेव्हा बारला पीळ बसत नाही, तो बुशमध्ये नुसता फिरतो. त्या वेळी कुरकुर आली तर बुशकडे पाहावे. गाडी तिरपी घेऊन एकेक चाक चढवल्यावरच टकटक होत असेल, तर संशय लिंकवर घ्यावा आणि तिचे नट ठरलेल्या टॉर्कला आवळलेले आहेत का, हे आधी तपासावे. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल, तर दोष सहसा बारचा नसतो. टायरमधील हवा आणि व्हील अलाइनमेंट पाहून घ्यावे, आणि दोन्ही ठीक निघाली तरच लिंक सैल करून बार चाकांवर उभ्या गाडीत पुन्हा आवळावा.