संत लॉरेन्सची गोष्ट सांगताना जाळी शेवटी काढा

१० ऑगस्टला संत लॉरेन्सचा सण. रोमचा हा हुतात्मा, त्याला लोखंडी जाळीवर भाजून मारलं अशी गोष्ट सांगतात. त्याच्या आसपासच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगायची पाळी येते. पहिल्या वर्षी मी घरातली बांगडे भाजायची जाळी नेली आणि वर्गात शिरताच टेबलावर ठेवली. मग काय, पाऊण तास पोरांचं लक्ष त्या जाळीवर. पुढच्या रविवारी एका आईने मला मिस्सा सुटल्यावर गाठलं, "टीचर, आठवडा झाला, आमची पोरगी भाजलेल्या माशाला हात लावत नाही."

तेव्हापासून मी सुरुवात हिशेबापासून करते. फळ्यावर मोठा आकडा लिहा: १५००. २५१च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी एका पत्रात रोमच्या ख्रिस्तसभेची मोजदादच दिली आहे: ४६ धर्मगुरू, ७ डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे सेवक) आणि पंधराशेहून जास्त विधवा व गरजू. मुलांना विचारा, माणशी दोन पाव धरले तर रोज किती लागतील? वही-पेन्सिल निघते, गलका होतो, होऊ द्या. या कारभाराचं ओझं डीकनांवर असायचं, आणि पुढे लॉरेन्स त्या सातांतला एक झाला. हे एकदा डोक्यात बसलं की 'ख्रिस्तसभेची तिजोरी' म्हणजे काय, ते वेगळं समजवावं लागत नाही.

मग २५८ साल. सम्राट व्हॅलेरियनचा हुकूम निघाला: बिशप, धर्मगुरू, डीकन सापडले की ठार करा. ६ ऑगस्टला पोप सिक्स्टस दुसरे आणि त्यांच्याबरोबर चार डीकन दफनभूमीत मारले गेले. ही बातमी कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या पत्रात आहे. सप्टेंबरात त्यांचाही शिरच्छेद झाला. हे सगळं दोन मिनिटांत उरका.

आता नाटक. वर्गातल्या सगळ्यात व्रात्य मुलाला रोमचा अधिकारी करा आणि खुर्चीत बसवा. तो खजिना मागतो, लॉरेन्स तीन दिवसांची मुदत घेतो. त्या तीन दिवसांत तो होतं नव्हतं ते वाटून टाकतो. बाकीची सगळी मुलं म्हणजे रोमचे आंधळे, पांगळे, विधवा. त्यांना दाराबाहेरून एकेक करून आत येऊ द्या, घाई नको. शेवटचं मूल आत आलं की लॉरेन्स म्हणतो, "हा घ्या ख्रिस्तसभेचा खजिना." अधिकाऱ्याला इथे बोलायला वाक्य देऊ नका. तो नुसता बघत बसतो, तेच छान दिसतं.

विस्तवाचं वर्णन टाळा. विनोद मात्र ठेवा. जाळीवर पडलेला लॉरेन्स म्हणतो, "ही बाजू झाली, आता परता आणि खा." मुलं हसतात. दटावू नका, ते वाक्य हसण्यासाठीच आहे. आचाऱ्यांनी त्याला आपला आश्रयदाता केलं ते काय उगीच?

कुणीतरी हमखास विचारतं, "टीचर, खरंच भाजलं?" टोलवू नका. सांगा की जाळीची हकिकत मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी लिहिली, ती शंभराहून जास्त वर्षांनी. त्या हुकमाखाली बहुधा तलवारीनेच मारत. आठवीच्या पुढची मुलं असतील तर 'पास्सुस' हा लॅटिन शब्द रोमन लिपीत लिहा, म्हणजे 'त्याने सोसलं'. पहिलं अक्षर बोटाने पुसा. उरतं 'अस्सुस', म्हणजे 'भाजला'. नकलणाऱ्याच्या हातून एक अक्षर सुटलं आणि जाळी आली, असं काही अभ्यासकांना वाटतं. तर्कच आहे, पण फळा पुसताना वर्ग चिडीचूप असतो.

इटलीत या दिवसांतल्या उल्कांना संत लॉरेन्सचे अश्रू म्हणतात. हे सांगा, पण रात्री गच्चीवर बघायला पाठवू नका. आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

जाळी काढायचीच तर आता काढा. चित्रातला संत ओळखायची तीच खूण, म्हणून एकदा दाखवावी. फक्त आदल्या रात्री राखेने घासून ठेवा. मी नुसती पाण्याखाली धरली होती, आणि पहिल्या बाकावरचा पोरगा नाक वर करून म्हणाला, "टीचर, काल बांगडे?"