माठाचं संशोधन कसं करावं

शाळेत मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. प्रकल्प म्हणून मुलं सायबर कॅफेतून प्रिंट आणतात, वर चित्रं चिकटवतात. ती माहिती झाली. जे उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही ते मोजूनमापून शोधणं, हे संशोधन. नागपुरात १९५८ पासून नीरी ही पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था आहे, म्हणून ते तिथेच होतं असं मुलांना वाटतं. घरचा माठही पुरतो.

गेल्या मे महिन्यात माझ्या लेकीने विचारलं, "आई, मागच्या वर्षीचा माठ पाणी गार का करत नाही गं?" प्रश्न चांगला, पण मोजता येईना. म्हणून तो लहान केला: दुपारी चार वाजता जुन्या माठातलं पाणी नव्यापेक्षा किती अंश गरम असतं? तुम्हीही आधी एवढंच करा. मग स्वतःचा अंदाज तारखेसह पेनाने लिहून ठेवा, म्हणजे नंतर तो बदलण्याचा मोह होत नाही.

फरक एकाच गोष्टीचा हवा. आम्ही नवा माठ गॅलरीत आणि जुना स्वयंपाकघरात ठेवला होता. तीन दिवसांची मापं वाया गेली, कारण गॅलरीत वारा होता. मग दोन्ही शेजारी ठेवले. सारखाच आकार, सकाळी सातला दोन्हींत आठ-आठ लिटर पाणी, वर झाकण. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ३५ अंशांपासून सुरू होतो. सीताबर्डीच्या बाजारातून प्रयोगशाळेचा आणा. चुकलेली मापंही वहीतून खोडू नका, शेजारी कारण लिहा.

आता कारण शोधायचं. माठवाल्या कुंभारदादांना विचारलं. ते म्हणाले, "खाऱ्या पाण्याने छिद्रं बुजतात, ताई." हे ऐकून थांबू नका, तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही माठांतलं उरलेलं पाणी मापाने मोजा. आमच्या नव्यातलं पाणी जुन्यापेक्षा बरंच घटलं होतं. पाझरलेलं पाणी वाळतं, आणि एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेतं. जुना माठ पाझरतच नव्हता.

जमलं तर जुलैतही मापं घ्या. हवा दमट झाली की पाणी नीट वाळत नाही, म्हणून कूलरही नुसता चिकचिक करतो. लेकीच्या वहीत तेव्हा दोन्ही माठांचे आकडे जवळजवळ सारखे आले, आणि तिने खाली नवा प्रश्न लिहिला.