आधी पेनड्राइव्ह भरा, मग दुकानात जा

आमच्याकडे टीव्ही खाली पुढच्या खोलीत आणि कॉम्प्युटर माडीवर. मधे माजघर, जिना आणि दीड हात जाडीची भिंत. जुन्या नाशकातला वाडा आहे, रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटं. वरच्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर माझं लग्न आहे, मुलीचं बारसं आहे, २०१५ चा सिंहस्थ, २०१९ चा, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला बुडवून गेलेला पूर, आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, भाऊजींनी उडी घेऊन मारलेला धप्पा. कॅमेरा सासऱ्यांच्या हातात असायचा. ते आता नाहीत, पण त्या धप्प्याच्या वेळी कॅमेऱ्यामागून "अरे जपून!" असा त्यांचा आवाज येतो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तो टीव्हीवर ऐकायचा असतो. मोबाइलवर त्यांना धड दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.

म्हणून वरचे व्हिडिओ खालच्या टीव्हीवर लावणारं यंत्र घ्यायचं ठरवलं. पहिली खरेदी फसली. एम. जी. रोडवरून बाराशे रुपयांचा एक 'वायरलेस डिस्प्ले' डोंगल आणला. खोक्यावर '४के' असं ठळक छापलेलं. घरी आल्यावर कळलं, तो फक्त मिराकास्ट करतो, म्हणजे मोबाइलचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटतो. व्हिडिओ संपेपर्यंत मोबाइल चालूच ठेवायचा, फोन आला की चित्र थांबणार, आवाज ओठांच्या मागे अर्धा सेकंद. आई रहाड बघताहेत आणि वरून पट्टी उतरते : बँकेचा ओटीपी. पाहुण्यांसमोर. मिराकास्ट वाईट नाही, ऑफिसात चार स्लाइड दाखवायला ठीक आहे. तासाभराचं बारसं बघायला ते नाही.

चूक माझीच होती. मी यंत्राकडे बघून खरेदी केली, घरात काय साठवलंय ते बघितलंच नाही. म्हणून दुसऱ्या वेळी उलट्या बाजूने सुरुवात केली. तुम्हीही तशीच करा.

आधी फाइली बघा. नावामागचं एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा असतो. आत भाजी कुठली ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. आतल्या प्रकाराला कोडेक म्हणतात. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाइल त्यात टाकली की कोडेक आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा लागतो तो आकडा) दोन्ही दिसतात. आमच्याकडे निघाल्या चार तऱ्हा. लग्नाची व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेतली होती, त्या व्हीओबी फाइली, आत एमपीईजी-२. बारसं मिनीडीव्ही टेपवरचं : डबा एव्हीआय, आत डीव्ही, तासाला साधारण १३ जीबी. रहाड हँडीकॅमवरची, एमटीएस. आणि मुलीच्या आयफोनचं चित्रण एचईव्हीसी. २०१७ पासूनचे आयफोन कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशिएन्सी' ठेवलं की तेच वापरतात.

आता प्रत्येक तऱ्हेची एक छोटी फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि तीही सगळ्यात अवघड वाटेल ती. मोठ्या फाइलचा तुकडा पाडणार असाल तर सॉफ्टवेअरला ती नव्याने एन्कोड करू (परत दाबून साठवू) देऊ नका, नाहीतर परीक्षेला भलताच मुलगा बसवल्यासारखं होईल. पेनड्राइव्हचं फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, म्हणूनही लहानच बऱ्या.

हा पेनड्राइव्ह पहिल्यांदा आपल्याच टीव्हीला लावा. दुकानदार हे सांगणार नाही. निम्म्या घरांमध्ये इथेच काम होईल असं मला वाटतं : टीव्ही अँड्रॉइडवाला असेल तर त्यावर व्हीएलसी हे व्हिडिओ लावायचं फुकट ॲप टाका आणि खरेदी विसरा. अँड्रॉइड नसला तरी बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये डीएलएनए असतं, म्हणजे कॉम्प्युटरवर मीडिया शेअरिंग चालू केलं की तिथलं फोल्डर टीव्हीच्या 'सोर्स' यादीत दिसतं. आमच्या टीव्हीला डीएलएनए होतं. लग्न लागलं, आयफोनचं चित्रण लागलं, बारशाला मात्र 'हा प्रकार चालत नाही' असा फलक आला आणि रहाड लागली ती मुकी. चित्र आहे, आवाज नाही. टीव्हीत त्या प्रकारच्या आवाजाची सोय नसली की असं होतं. आणि आमच्या घरात आवाजासाठीच सगळा खटाटोप.

टीव्ही नापास झाला तर मग यंत्र. नावं पुष्कळ आहेत, रीती तीनच. एक मिराकास्ट, ती सांगून झाली. दुसरी कास्ट करण्याची : क्रोमकास्ट आणि ॲपलचं एअरप्ले. यात मोबाइल नुसता हुकूम देतो आणि यंत्र स्वतः इंटरनेटवरून चित्रपट ओढून घेतं. पण फाइल तुमच्या मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर असली तर ती वाढायला त्यालाच उभं राहावं लागतं. जुनी, रिमोट नसलेली क्रोमकास्ट कोणी स्वस्तात देत असेल तर विचार करून घ्या. पहिलीला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय (लांब पोचणारा पण गर्दीचा पट्टा) कळायचं आणि त्या जुन्या १०८०पीवाल्यांना, म्हणजे ४के नसलेल्यांना, एचईव्हीसी उलगडत नाही. गूगलने २०२४ मध्ये क्रोमकास्टचं उत्पादनही थांबवलं.

तिसरी रीत मला पटली. यंत्राला स्वतःचा रिमोट, स्वतःचं ॲप, आणि ते ॲपच कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडतं. मोबाइलचा संबंधच नाही. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायची कांडी), गूगल टीव्हीच्या स्टिक आणि बॉक्स, ॲपल टीव्ही हे सगळे यातले. घरच्या फाइलींसाठी यांना मी एकच प्रश्न विचारते : व्हीएलसी चालतं का? कारण व्हीएलसी स्वतःच्या पोटात जवळपास सगळे कोडेक घेऊन फिरतं, टीव्हीच्या मेहेरबानीवर राहत नाही. ॲमेझॉनच्या काही नव्या स्टिकवर अँड्रॉइडऐवजी वेगा नावाची प्रणाली आलीय, तिथे बाहेरून ॲप चढवता येत नाही. तेव्हा हवं ते ॲप त्यांच्याच ॲपस्टोअरमध्ये आहे का हे पैसे देण्याआधी बघा. ॲपल टीव्ही उत्तम आहे, पण घरात सगळे आयफोनवाले नसतील तर तेवढे पैसे मी घालणार नाही.

स्टिक की बॉक्स? स्टिकला नेटवर्कच्या केबलचं भोक नसतं आणि पेनड्राइव्हचंही नसतं. बॉक्सला बहुधा दोन्ही असतात. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर बॉक्स घ्या, केबल लावा आणि पुढचे दोन परिच्छेद सोडा.

आमचं घोडं भिंतीत अडलं. जुन्या विटामातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय खाली पोचेपर्यंत दमतं. २.४ पोचतं, पण गल्लीतल्या प्रत्येक घराचं वायफाय त्याच पट्ट्यात, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजा. टीव्हीच्या जागी लॅपटॉप ठेवा, वरच्या कॉम्प्युटरवरून १ जीबीची फाइल वायफायने खाली कॉपी करा आणि घड्याळ लावा. ८००० ला सेकंदांनी भागलं की एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, मिळतात. मला चार मिनिटं लागली, म्हणजे ३३. बारशाच्या टेपला २५ ते ३० लागतात, हँडीकॅमला जास्तीत जास्त २४ च्या आसपास. म्हणजे कागदावर जमतंय आणि प्रत्यक्षात दर पाच मिनिटांनी गोल चक्र फिरतंय. मोबाइलवरचं ४के चित्रण तर बऱ्याचदा चाळिशीच्या पुढे जातं. आपल्या सगळ्यात जड फाइलच्या दुप्पट आकडा येईल तेव्हाच निर्धास्त व्हा.

इलाज निघाला फुकटातला. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही वायफायवर असले की तीच फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा कॉम्प्युटर ते राउटर आणि परत राउटर ते टीव्ही. मी राउटर खोलीच्या कोपऱ्यातून उचलून जिन्याच्या तोंडाशी आणला आणि कॉम्प्युटर त्याला केबलने जोडला. मग तीच फाइल दीड मिनिटात उतरली. ही धावपळ घरातल्या घरातली आहे, इंटरनेटच्या प्लॅनशी तिचा संबंध नाही आणि डेटाही जात नाही. कंपनीला फोन करून जास्त वेगाचा प्लॅन घ्यायच्या बेतात मी होते! गल्लीत खोदकाम होऊन फायबर तुटते तेव्हाही आमचं व्हीएलसी चालू असतं. कास्ट करणारी यंत्रं अशा वेळी बहुधा हात वर करतात.

तरी मी लगेच विकत घेतलं नाही. इंदिरानगरला नणंदेकडे फायर टीव्ही स्टिक आहे. रविवारी लॅपटॉप घेऊन गेले, त्यावरचं फोल्डर त्यांच्या वायफायवर शेअर केलं, स्टिकवर व्हीएलसी टाकलं आणि चारही फाइली लावून बघितल्या. पहिला अर्धा तास फोल्डर दिसेचना, कारण मला त्यांनी पाहुण्यांचा पासवर्ड दिला होता. राउटरवरच्या गेस्ट नेटवर्कमधली यंत्रं बहुधा एकमेकांना दिसत नाहीत. मूळ नेटवर्कवर आल्यावर बारसंही लागलं आणि रहाडही, आवाजासकट. धप्प्याच्या वेळी हातापायांना कंगव्यासारखे दाते दिसत होते. हँडीकॅमचं चित्रण इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी टिपलेलं, असतं; व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस केलं की जातं. नणंद म्हणाली, "वहिनी, चहा घेणार की हेच बघत बसणार?" आणि मग ती स्वतःच पाऊण तास बसली.

मग तीच स्टिक घेतली. लावताना दोन गोष्टी. टीव्हीच्या यूएसबीतून तिला वीज देऊ नका, सोबतचा ॲडॉप्टर भिंतीत लावा. टीव्हीची वीज अपुरी पडते आणि स्टिक मधेच बंद होऊन परत चालू होते. आणि खोक्यात एचडीएमआयची छोटी जोडतार असेल तर ती वापरा, म्हणजे स्टिक टीव्हीच्या पत्र्याला चिकटून न राहता थोडी बाहेर येते आणि वायफाय सुधारतं. विंडोजवर फोल्डर शेअर करताना पासवर्ड असलेलं वेगळं खातं काढा, बिनपासवर्डाच्या खात्यावर ते अडून बसतं. त्या खात्याला फक्त वाचायचा हक्क द्या. कोणाच्या बोटाने बारसं डिलीट व्हायला नको.

सगळ्यात जास्त वेळ मी फोल्डरांच्या नावांवर घालवला. भाऊजींनी कॅमेऱ्याची नावं तशीच ठेवली होती, शून्य-शून्य-शून्य-बारा वगैरे. आईंचं वय ७८, इंग्रजी वाचत नाहीत. आता '१ लग्न', '२ बारसं', '३ रहाड', '४ पूर' अशी मराठी नावं आहेत, आणि व्हीएलसीमध्ये ते फोल्डर फेव्हरिटमध्ये टाकलंय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं, म्हणजे स्टिकच्याच रिमोटने टीव्हीही सुरू होतो. कंपन्यांनी त्याला वेगवेगळी नावं दिलीत, मेनूत शोधावं लागतं. टीव्हीचा जुना रिमोट मी कपाटात ठेवून दिला.

एक राहिलं होतं, ते आईंनीच पकडलं. दुपारी मी ऑफिसात असताना फोन आला, "अगं, रहाड गेली." घरी येऊन बघते तर वरचा कॉम्प्युटर अर्ध्या तासाने झोपी जात होता, आणि तो झोपला की खालचं फोल्डर गायब. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'कधीच नाही' करून ठेवलं, पडदा बंद झाला तरी चालतो. लाइट जाऊन आल्यावर मात्र वर जाऊन बटण दाबावं लागतं. तेव्हा आई जिन्याखालून मुलीला हाक मारतात, "अगं, आजोबांना उठव गं जरा."