गेममधलं नाव ठेवण्याआधी ते ओरडून बघा

२०१९ मध्ये हॉस्टेलवर आम्ही चौघं रात्रभर पबजी मोबाइल खेळायचो. माझ्या नावाच्या दोन्ही बाजूंना महिरपीसारखी नक्षी होती, मधे 'किलर' आणि शेवटी एक हसरा चेहरा. नक्षी म्हणजे जावा बेटावरच्या लिपीतली चिन्हं आणि हसरा चेहरा म्हणजे जपानी काताकानातलं 'त्सु' हे अक्षर, हे मला फार नंतर कळलं. दिसायला झकास होतं. पण कुणालाच मला सर्चमध्ये शोधता येईना, कारण ती चिन्हं कुणाच्या कीबोर्डवर नव्हती. आणि हाक मारायची वेळ आली की सगळे 'ए नक्षी' म्हणायचे. शेवटी रीनेम कार्ड वापरून सुटका करून घेतली. आता चुलत भावंडं नवीन अकाउंट काढताना मलाच विचारतात, तेव्हा त्यांना सांगतो ते इथे लिहितोय.

आधी बघा, नाव नंतर बदलता येतं का

प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. स्टीमवर लॉगिनचं नाव कायमचं असतं, पण लोकांना दिसणारं प्रोफाइलचं नाव हवं तेव्हा बदलता येतं. रोब्लॉक्समध्ये डिस्प्ले नेम फुकट बदलतं, मात्र मूळ युजरनेम बदलायला १,००० रोबक्स, म्हणजे त्या गेममधलं चलन, लागतात. बुद्धिबळाच्या लिचेसवर नाव बदलतच नाही. प्लेस्टेशनवर तर एप्रिल २०१९ पर्यंत ही सोयच नव्हती, त्यामुळे शाळेत असताना ठेवलेलं अचाट नाव नोकरी लागल्यावरही मिरवणारे लोक होते. नाव कायमचं असेल तिथे घाई नको.

अक्षरांची मर्यादाही बघून घ्या. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ३ ते १६ अक्षरं चालतात, तीही फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. व्हॅलोरंटमध्ये नावापुढे हॅश आणि छोटा टॅग असतो, त्यामुळे तुमचं आवडतं नाव दुसऱ्याने घेतलेलं असलं तरी वेगळ्या टॅगने मिळू शकतं.

मग हाक मारा

माझ्या मते हीच खरी परीक्षा. मागून शत्रू येतोय आणि मित्राला तुम्हाला सावध करायचंय. 'डार्क शॅडो असॅसिन, मागे बघ' म्हणेपर्यंत तुम्ही मरून लॉबीत परत आलेले असता. तीन, फार तर चार अक्षरांत तोंडातून सुटेल असं नाव हवं. भारतात गाजलेले पबजी खेळाडू आठवा: मॉर्टल, स्काउट, जोनाथन. कोरियाचा गाजलेला गेमर फेकर, त्याचंही नाव असंच छोटं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास होते. गणेशचा गण्या होतो, प्रशांतचा पश्या होतो, तसं गेममधल्या नावाचंही बारसं मित्र परत करतात. तेव्हा नाव ठेवण्याआधीच त्याचं बिघडलेलं रूप काय होईल ते म्हणून बघा. ते ऐकून तुम्हाला हसू आलं तर ठीक, राग आला तर दुसरं शोधा.

स्पेलिंग

मराठी शब्द घ्यायला माझी पूर्ण सहमती आहे, पण रोमनमध्ये ते सरळ उतरले पाहिजेत. 'वाघ' व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, एक ए की दोन? 'मावळा'च्या ळचं काय करायचं? एकदा ऐकून समोरच्याला टाइप करता आलं तर नाव चांगलं. शून्य आणि ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल यांची सरमिसळ टाळा. स्टारक्राफ्टमधले काही खेळाडू ओळख लपवायला मुद्दाम नुसत्या आय आणि एलच्या रांगा लावायचे, त्यांना 'बारकोड' म्हणत. तुम्हाला लपायचं नसेल तर बारकोड कशाला?

नावातून घर सापडायला नको

इथे मात्र जरा थांबा. पोरांची सवय असते: नाव, आडनाव, जन्मवर्ष, शिवाय गाडीच्या पाटीवरचा एमएच ०९. झालं, कोल्हापूरचा अमुक, वय इतकं. तेच नाव इन्स्टाग्रामवर असेल तर शाळेच्या गणवेशातला फोटोही मिळतो. गेममध्ये हरलेला माणूस किती चिडतो हे तुम्हाला माहीत आहेच. जुलै २०१० मध्ये ब्लिझर्ड या गेम कंपनीने आपल्या फोरमवर खेळाडूंची खरी नावं दाखवायचं ठरवलं होतं. त्यावर इतका गदारोळ झाला की काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला.

म्हणून खरं नाव, जन्मवर्ष, शाळा, पिनकोड काही नको. ईमेलमध्ये वापरलेलं नावही इथे घेऊ नका. १९८८ साली जन्मलेल्यांना एक जास्तीची सूचना: नावामागचा ८८ हा आकडा नवनाझी लोक 'हाइल हिटलर'ची खूण म्हणून वापरतात. परदेशी सर्व्हरवर उगाच भलता अर्थ निघेल.

अर्थाचंच निघालं म्हणून सांगतो, आपला मायेचा 'काका' स्पॅनिशमध्ये चक्क 'शी' होतो. मराठीतली 'शिक्षा' हिंदीत शिक्षण होते, हे तर आपण शाळेपासून ऐकतोय. ठरवलेला शब्द अवतरणचिन्हांत घालून एकदा सर्च करा, कुठे काय अर्थ आहे आणि आधी कुणी वापरलंय ते दिसेल. जात, धर्म, पक्ष यांची नावं घेतलीत तर खेळ बाजूला राहतो आणि चॅटमध्ये भांडण सुरू होतं, शिवाय रिपोर्ट पडतात ते वेगळेच.

'स्टायलिश नेम' बनवून देणाऱ्या साइटवर गेलात तर फक्त कॉपी करा. तिने गेमचं लॉगिन मागितलं की तिथून निघा.

एक रात्र जाऊ द्या

तीन-चार नावं कागदावर लिहा आणि सकाळी परत वाचा. दहावीतल्या चुलत भावाने असंच केलं. 'डेथ किंग' आणि 'घोस्ट' सकाळी त्यालाच शिळे वाटले. मी विचारलं, तू खेळतोस कसा? म्हणाला, एका घरात शिरतो आणि मैदान आकसत शेवटच्या सर्कलपर्यंत येईतो हलत नाही. मग 'घोरपड' ठरलं. स्पेलिंग सोपं, घेणारंही आणखी कुणी नव्हतं. आता आतल्या खोलीतून रोज ऐकू येतं, 'घोरप्या, बाहेर ये की लेका!'