मुलांकडे अमेरिकेला जाताय? आधी नकाशावर एक उभी रेघ मारा

"अमेरिकेत थंडी किती असते हो?" तिकीट काढलेला पुण्यातला प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो आणि त्याला एक असं उत्तरच नाहीये, कारण तो देश भारताच्या जवळजवळ तिप्पट आहे. जानेवारीत मिनेसोटातली तळी गोठतात, लोक त्यावर गाड्या नेतात, आणि त्याच दिवशी मायामीत माणसं समुद्रात पोहत असतात. तेव्हा मुलगी किंवा मुलगा राहतो ते गाव असं का आहे हे खरंच समजून घ्यायचं असेल तर ५० राज्यं पाठ करत बसू नका, राज्यांच्या कितीतरी सीमा नुसत्या पट्टीने आखलेल्या आहेत, त्यांच्यावरून जमिनीचं काहीच कळत नाही. पाणी कुठे आहे ते बघा, बाकी बरंचसं आपोआप उलगडतं.

अप्पा बळवंत चौकातून शाळेचा चांगला मोठा अ‍ॅटलास आणा (फोनवरच्या मॅपमध्ये आधी रस्ते आणि दुकानं दिसतात, डोंगर शोधावे लागतात). उत्तर अमेरिकेचं प्राकृतिक पान काढा, त्याची झेरॉक्स मारा आणि १०० अंश पश्चिम रेखावृत्तावर पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढा. ती डकोटाची दोन्ही राज्यं, नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास अशी देशाच्या साधारण मधून जाते.

ही रेघ माझ्या मनाची नाहीये. जॉन वेस्ली पॉवेल नावाचा माणूस होता, यादवी युद्धात एक हात गमावलेला, त्याने १८६९ मध्ये होडीतून कोलोरॅडो नदी आणि ग्रँड कॅन्यन पार केलं. पुढे १८७८ च्या अहवालात त्याने सरकारला स्पष्ट सांगितलं की या रेघेच्या आसपास वर्षाचा पाऊस २० इंचांच्या, म्हणजे साधारण ५० सेंटीमीटरच्या खाली जातो आणि त्याच्या पश्चिमेला कालव्याशिवाय शेती भरवशाची नाही. पूर्वेला मेक्सिकोच्या आखातातून दमट हवा वर चढते म्हणून तिकडे सगळं हिरवं. पॅसिफिकवरून येणारे ढग मात्र किनाऱ्याजवळच्या कॅस्केड आणि सिएरा नेवाडा डोंगरांवरच रिकामे होतात, मागे रॉकी पर्वत उभेच, मग पलीकडे काय उरणार. पुण्याच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, ताम्हिणीत धो धो आणि बारामती-दौंडला कोरडं, तोच पर्जन्यछायेचा प्रकार. वॉशिंग्टन राज्यात तर तो इतका स्वच्छ दिसतो की विचारू नका, ऑलिम्पिक डोंगराच्या पश्चिमेला हो नावाचं वर्षावन आहे, तिथे वर्षाला साधारण ३५० सेंटीमीटर पाऊस, आणि शंभर किलोमीटरच्या आत डोंगरापलीकडे सेक्विम गाव आहे, तिथे ४० च्या आसपास.

आता रेघेच्या पूर्वेचा भाग भरा. अ‍ॅपलाचियन डोंगर रंगवा, जुने झिजलेले आहेत, सगळ्यात उंच शिखर २,०३७ मीटर. त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये ईशान्येकडची जुनी शहरं. न्यू इंग्लंडची, म्हणजे अगदी ईशान्येच्या सहा राज्यांची, जमीन खडकाळ, शेतीला बेताचीच, पण बंदरं उत्तम आणि नद्यांना उतार, म्हणून व्यापार आणि गिरण्या. आणि न्यूयॉर्क बोस्टन-फिलाडेल्फियाच्या पुढे का गेलं तर १८२५ मध्ये एरी कालवा पूर्ण झाला, हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासून एरी सरोवराकाठच्या बफेलोपर्यंत ५८४ किलोमीटर, आणि आतल्या सगळ्या प्रदेशाचा माल न्यूयॉर्कच्या धक्क्यावर यायला लागला.

दक्षिण म्हणजे उष्ण, दमट आणि दंव न पडणारे लांबलचक महिने, म्हणजेच कापूस. कापसाच्या मळ्यांसाठी गुलाम, त्यावरून १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध, आणि नंतर १९१० ते १९७० या काळात साधारण ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांत गेली. उत्तरेकडच्या शहरांतल्या वस्त्या, चर्च, ब्लूज संगीत, हे सगळं या स्थलांतराशी जोडलेलं आहे, त्यामुळे दक्षिण समजल्याशिवाय शिकागोसुद्धा नीट कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ह्यूस्टन-अटलांटाकडे जाणार असाल तर उन्हाळ्यातही एक शाल जवळ ठेवा, बाहेर घामाच्या धारा आणि दुकानात शिरलं की एसीने हुडहुडी.

मधला भाग, म्हणजे मिडवेस्ट, लोक विमानातून ओलांडून जातात आणि बघतच नाहीत. मला तो सगळ्यात आवडतो. शिकागोहून डेन्व्हरला दिवसाच्या विमानाने जायचं झालं तर खिडकीची सीट घ्याच. खाली शेतांचे चौकोन दिसतील, रस्ते सरळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, दर एक मैलावर एक. १७८५ च्या कायद्याने ओहायोपासून पुढची जमीन अशी सहा-सहा मैलांच्या चौकोनात मोजली, त्याचे ३६ तुकडे केले आणि मग विकली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तर पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर मिळायला लागली. म्हणून तिकडे आपल्यासारखं दाटीवाटीचं गाव नसतं, प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, शेजारी लांब. आयोवावरून जाताना मका आणि सोयाबीन, हिरवंगार. मग नेब्रास्कात पुढे पुढे चौकोनाच्या आत मोठेमोठे गोल दिसायला लागतात, अगदी कर्कटकाने काढल्यासारखे. मध्ये बोअर, त्याभोवती चाकांवर फिरणारा लांब पाइप पाणी मारतो, म्हणून गोल. असे गोल दाट झाले की समजा तुमची पेन्सिलची रेघ जवळ आली. ते पाणी ओगालाला नावाच्या प्रचंड भूजलसाठ्यातलं, आठ राज्यांखाली पसरलेला आहे, आणि कॅन्सस-टेक्सासकडे त्याची पातळी वर्षानुवर्षं खाली चालली आहे.

रेघेच्या पश्चिमेला सगळा हिशोबच बदलतो. नेवाडा राज्याची साधारण ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, कारण पाण्याशिवाय ती कसायला घेणार कोण. म्हणून तिकडे मोठमोठी नॅशनल पार्कं, मोकळं आभाळ आणि एकमेकांपासून फार लांब अशी शहरं. कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ च्या करारात सात राज्यांच्या दोन गटांत वाटलं गेलं, पण त्याआधीची वर्षं जास्त पावसाची होती, त्या आकड्यांवर वाटप झालं, त्यामुळे कागदावर पाणी जास्त आणि नदीत कमी. याच नदीवरचं हूव्हर धरण बघायला जाल तेव्हा कड्यांवर पांढरा पट्टा दिसेल, पूर्वी पाणी तिथपर्यंत होतं. गाइड काय सांगतोय ते ऐका पण त्या पट्ट्याकडे दोन मिनिटं नीट बघा.

कॅलिफोर्निया एक राज्य धरू नका, निदान तीन भाग करा. किनारा थंड प्रवाहामुळे गार, जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला धुकं आणि स्वेटर. आत सेंट्रल व्हॅली, कोरडं रणरणतं ऊन, आपल्या रविवार पेठेतल्या दुकानात मिळणारा कॅलिफोर्निया बदाम इथलाच, जगातले जवळपास ८० टक्के बदाम या एका खोऱ्यात होतात. आणि दक्षिणेला लॉस एंजेलिस, ज्याचं बरंचसं पाणी शेकडो किलोमीटरवरून कालव्यांनी येतं. पाऊस तिकडे हिवाळ्यात पडतो, मे ते सप्टेंबर जवळजवळ नाहीच, वणवे त्यामुळेच. सॅन होजे, जे पुण्याचं सिस्टर सिटी आहे, तिकडे उन्हाळ्यात जात असाल तर छत्रीचं वजन वाचवा.

टेक्सास रेघेच्या दोन्ही बाजूंना पडतं, आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, पूर्वेला पाइनची जंगलं आणि पश्चिमेला वाळवंट. एल पासो गावाला त्याच राज्यातल्या ह्यूस्टनपेक्षा कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो जवळ आहे. म्हणून नुसतं "मुलगा टेक्सासला असतो" म्हणून भागत नाही, गाव सांगावं लागतं.

आता तुमची मुलं राहतात ते गाव घ्या आणि चार प्रश्न विचारा: रेघेच्या कुठल्या बाजूला, पाणी कुठलं, जमिनीतून काय पिकतं किंवा निघतं, आणि तिथे लोक कधी कशासाठी आले. समजा कोलंबस, ओहायो. पूर्वेला, म्हणजे पाऊस भरपूर. दक्षिणेला ओहायो नदी, उत्तरेला एरी सरोवर. हिमयुगातल्या बर्फाने सपाट केलेली सुपीक जमीन, मका-सोयाबीन. जवळपास कोळसा आणि सरोवरमार्गे येणारं लोखंड, म्हणून राज्यभर कारखाने. एवढ्यावर तिथल्या ड्रायव्हरशी, शेजाऱ्यांशी गप्पा मारता येतात. आणि गप्पांची सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर "तुमच्याकडे नळाला पाणी कुठून येतं?" हे विचारा. फीनिक्समधला माणूस कोलोरॅडो नदीवरून वाळवंटातून आणलेला ५४१ किलोमीटरचा कालवा सांगेल, न्यूयॉर्कचा माणूस कॅट्सकिल डोंगरातली धरणं सांगेल, आणि बोलता बोलता गावाचा इतिहासही निघतो.

फिरायचं ठरवताना एका खेपेला एकच प्रदेश धरा. नायगारा आणि ग्रँड कॅन्यन एकाच आठवड्यात बसवायचा हट्ट बरेच जण करतात, मध्ये रस्त्याने तीन हजारांवर किलोमीटर आहेत, गुडघे आणि पैसे दोन्ही जातात. ईशान्येला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पानं लाल-पिवळी होतात तेव्हा. अ‍ॅरिझोना-युटा एप्रिल-मेमध्ये, जून-जुलैत ऊन सोसत नाही. यलोस्टोन नॅशनल पार्क उन्हाळ्यातच, कारण नोव्हेंबरपासून तिथले बहुतेक रस्ते बर्फामुळे गाड्यांना बंद असतात. आणि फ्लोरिडा किंवा आखाताच्या किनाऱ्याला हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातले ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात वाईट, तेव्हा तिकडचा बेत डिसेंबरनंतर ठेवा.